हिप्परग्याच्या चिखलात चार पानांचं हे काय उगवलंय?

खापरी_माठ
नमस्कार मंडळी. सोलापूरची गड्ड्याची जत्रा संपली त्याच्या पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन हिप्परग्याच्या तळ्यावर गेलो होतो, तुळजापूर रोडनं, पक्षी दाखवायला म्हणून. पक्षी लांब होते आणि दुर्बीण घरी विसरलेली, त्यामुळं भाचा कंटाळून काठाकाठानं हिंडत बसला. पाणी मागं सरकलंय, मधे काळ्या चिखलाचा पट्टा, वरून भेगाळलेला पण पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. तिथं त्याला हे सापडलं. बारीक देठ, टोकाला बरोब्बर चार पानं, फुलीसारखी. आता मोबाईलवर बघून बघून या पोरांना चार पानांचं म्हणजे लकी एवढंच माहीत, तो ओरडतच आला की मामा मला लकी पान मिळालं. जाऊन बघतो तर एक नाही, चटईच पसरलेली, हजारभर तरी असतील! एवढं नशीब एका तळ्याला कुठलं.
एक गड्डा उपटून कॅरीबॅगेतनं घरी आणला, जुन्या टोपात चिखलासकट ठेवलाय. रात्री बघितलं तर सगळी पानं मिटलेली, वाटलं मेलं. सकाळी परत उघडी. काय आहे हे?

शेंगाचटणी
आंबुशी आहे ओ. लहानपणी शाळेच्या मागं बसून मीठ लावून खायचो. चावून बघा, आंबट लागंल.

खापरी_माठ
चावलं. आंबट अजिबात नाही, गवत खाल्ल्यासारखं लागलं. आणि आंबुशीला तीन पानं असतात ना? ही सगळीच्या सगळी चार आहेत, भाच्यानं पन्नास तरी मोजली.

निवृत्त_मास्तर
चावून बघू नका हो, तळ्याच्या काठचं आहे, वरून काय काय वाहून येतं तिथं. ते मार्सिलिया आहे. आणि ती आंबुशीची कुणी लागत नाही. तो नेचा आहे, म्हणजे तुम्ही फर्न म्हणता तो.
खात्री करायची तर दोन गोष्टी बघा. एक, नवीन येणारं पान बघा, अजून न उघडलेलं. दुसरं, देठ जिथं आडव्या खोडाला चिकटतो तिथला चिखल धुऊन काढा आणि काय दिसतं ते इथं लिहा. मी आत्ताच सांगत नाही.

सात_रस्ता
मास्तर, नेचा आणि सोलापुरात? काय बोलालाव. नेचे महाबळेश्वरला, आंबोलीला, जिथं भिंतीसुद्धा ओल्या असतात तिथं. आमच्या इथं साडेपाचशे मिलीमीटर पाऊस पडला तर पेढे वाटतात. माझ्या बायकोनं नर्सरीतनं दोनशे रुपयाचं फर्न आणलं होतं, एप्रिलमधे त्याचा पापड झाला.

खापरी_माठ
मास्तर, धुऊन बघितलं.
नवीन पानं गोगलगायीसारखी गुंडाळलेली आहेत, देठाच्या टोकाला बारीक भोवरा. आणि देठाच्या बुडाशी काळपट तपकिरी दाणे आहेत, ज्वारीच्या दाण्याएवढे, जरासे चपटे, प्रत्येकाला आखूड देठ. कुठं दोन, कुठं तीन. आधी वाटलं खडे अडकलेत, मग लक्षात आलं की झाडालाच लागलेत. नखानं दाबलं तर नख दुखलं. बी आहे का?

निवृत्त_मास्तर
छान. गोगलगायीची गुंडाळी ही नेच्यांची खूण. आणि ते बी नाही. नेच्याला फूल नाही, बी नाही, बीजाणू असतात, म्हणजे स्पोअर. तो जो दाणा आहे त्याला स्पोरोकार्प म्हणतात आणि या सगळ्या कुळाची खरी गंमत त्या दाण्यात आहे. नेहमीच्या नेच्यात पान उलटं केलं की मागे तपकिरी ठिपके दिसतात, बीजाणूंचे पुंजके. इथं पानाचा एक तुकडा आपल्याच पोटात घडी घालून बसलाय आणि कडा चिकटल्यात. करंजी समजा. वरची पारी म्हणजे पानाचा तुकडा, सारण म्हणजे बीजाणूंचे पुंजके. फक्त ही करंजी तळून तळून दगड झालेली.
हा दाणा म्हणजे देठाचा भाग की पात्याचा, यावर आमच्या वेळी दहा मार्कांचा प्रश्न ठरलेला असायचा आणि दोन्ही बाजूंनी लिहून शेवटी पात्याचा म्हणायचं. पोरं पाठ करून लिहायची, दाणा हातात घेतलेला नसायचा कुणी.

सात_रस्ता
बरं मानलं नेचा. पण मग वाळत कसा नाही?

निवृत्त_मास्तर
वाळतो की. मे महिन्यात जाऊन बघा, पानांचा पत्ता लागणार नाही. दाणे चिखलात पडून राहतात, चिखल वीटेसारखा होतो तरी आतला ऐवज जिवंत. संग्रहालयात चिकटवून ठेवलेल्या कित्येक दशकं जुन्या नमुन्यांचे दाणे पाण्यात घातल्यावर उगवलेत. पाणपक्ष्यांच्या पोटातून जाऊनसुद्धा जिवंत निघतात, म्हणजे तुमचा भाचा जे पक्षी बघायला गेला होता त्यांच्यातच कुणीतरी हे आणून टाकलं असणं शक्य आहे. महाबळेश्वरच्या नेच्याला हे जमायचं नाही.

पानगळ
मी बॉटनी केलंय, थोडं वर्गीकरणाचं टाकते, मास्तर चुकलं तर सांगा.
कुळाचं नाव मार्सिलिएसी. जगात नेचे आणि त्यांचे भाऊबंद मिळून बारा हजारांच्या घरात जाती आहेत, त्यात या कुळात जेमतेम साठच्या आसपास. प्रजाती फक्त तीन. पहिली मार्सिलिया, जवळजवळ सगळ्या जाती हिच्यातच, देठाला चार पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे चार भाग. दुसरी रेग्नेलिडियम, तिच्यात एकच जाती, दक्षिण ब्राझील आणि त्याच्या आजूबाजूला, देठाला दोन पर्णिका, आणि तोडलं तर चीक येतो, नेच्याला चीक हे फारच दुर्मीळ. तिसरी पिल्युलारिया, युरोपात वगैरे, तिला पर्णिकाच नाहीत, नुसता हिरवा देठ, गवतात उगवली तर बापाला ओळखू येणार नाही, पण बुडाशी गोळीसारखा दाणा असतो त्यावरून कळते, नावच मुळी गोळीवरून पडलंय. चार, दोन, शून्य. परीक्षेत लक्षात ठेवायला एवढं सोपं कुळ दुसरं नव्हतं.
मार्सिलिया हे नाव लिनियसनं १७५३ मधे दिलं, मार्सिली नावाच्या इटालियन निसर्ग अभ्यासकावरून.

भीमाकाठ
एक मिनिट ताई. प्रजाती तीन आणि जाती साठ हे उलटं झालं का? पेपरात तर पक्ष्याच्या इतक्या प्रजाती आढळल्या असंच छापून येतं.

पानगळ
पेपरवाले चुकतात हो. विश्वकोशाच्या पद्धतीनं प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. आता सगळीकडंच उलटं झालंय, मी भांडायचं सोडलंय.

निवृत्त_मास्तर
मी सोडलेलं नाही.
पानगळ, बरोबर लिहिलंय, एक भर घालतो. आम्ही शिकलो तेव्हा मार्सिलिया एका गणात (गण म्हणजे कुळाच्या वरची पायरी) आणि साल्विनिया, अझोला हे पाण्यावर तरंगणारे नेचे दुसऱ्या गणात. आता डीएनए बघून दोन्ही कुळं एकाच गणात घातलीत, साल्विनिएलीस. अझोलाला पूर्वी स्वतंत्र कुळ होतं, ते साल्विनियाच्या कुळात गेलं. २०१६ ची जगभरच्या नेचेतज्ज्ञांनी मिळून केलेली यादीसुद्धा हेच मानते. दिसायला या तिघांत काहीच साम्य नाही, पण आत बघितलं तर आहे. नेहमीच्या नेच्याचे बीजाणू एकसारखे असतात. यांच्यात दोन प्रकारचे, बारीक ते नर, मोठे ते मादी. आजच्या नेच्यांत हे जवळजवळ याच गणात आढळतं. बियांच्या वनस्पती ज्या वाटेनं गेल्या त्याच वाटेवर हे पाणनेचे आपले आपण चार पावलं चालून आलेत.

भीमाकाठ
थांबा थांबा, अझोला म्हणजे आमच्या गोठ्यामागं खड्ड्यात ताडपत्री टाकून वाढवलाय तोच का? म्हशींना घालतो आम्ही सरकीत मिसळून. तो नेचा आहे??

निवृत्त_मास्तर
तोच. तुमच्या म्हशी रोज नेचा खातात. पानात निळंहिरवं शेवाळ पाळतो आणि हवेतला नायट्रोजन धरतो म्हणून त्याला एवढं मोल.

भीमाकाठ
आज वडलांना सांगतो. त्यांना काही फरक पडणार नाही.

वैद्यबुवा_नवे
आयुर्वेदाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे आमच्याकडं सुनिषण्णक म्हणून येतं, शाकवर्गात. चतुष्पत्री पण म्हणतात. वर्णनच असं की चांगेरीसारखं दिसतं पण दलं चार आणि पाणथळ जागी होतं. चांगेरी म्हणजे आंबुशी. म्हणजे शेंगाचटणी दादांचा घोटाळा फार जुना आहे, तेव्हाही लोकांना बजावून सांगावं लागत होतं. झोपेसाठी वापरतात. पानं रात्री मिटतात त्यावरून कल्पना सुचली असेल का काय माहीत, हे माझं मत.

शेंगाचटणी
चला, आपली चूक तरी खानदानी निघाली.

बाळीवेस
आमच्या शेजारी बंगाली कुटुंब आहे, काकूंना फोटो दाखवला तर एकदम खूश, म्हणे शुशनी शाक, आमच्याकडं बाजारात जुड्या मिळतात, लसूण आणि मोहरीच्या तेलात परतायची. तमिळमधे पण आरैकीरै म्हणून भाजी आहे म्हणे. मग आपल्याकडं का खात नाहीत?

पानगळ
आपल्याकडं भाजी होण्याएवढं उगवतं कुठं. आणि मास्तर म्हणाले तसं, शहराजवळच्या तळ्यातलं नकोच. शिवाय या कुळातली एक गोष्ट फार वाईट आहे. ऑस्ट्रेलियात मार्सिलियाचीच एक जाती आहे, तिला नार्डू म्हणतात. तिथले मूळ रहिवासी तिचे दाणे भाजून, दळून, पाण्यात कालवून खायचे. १८६१ मधे बर्क आणि विल्स हे दोघे गोरे संशोधक खंड ओलांडून परत येताना कूपर क्रीकपाशी अडकले, अन्न संपलं, आणि लोकांचं बघून नार्डूच्या भाकरी खायला लागले. पोट भरायचं आणि माणूस रोज खंगत जायचा. दोघंही मेले. या दाण्यात बी वन जीवनसत्त्व मोडणारं एक द्रव्य असतं, आणि ते घालवायची स्थानिकांची रीत यांनी नीट उचलली नाही असं आता मानतात. त्यांचा तिसरा जोडीदार किंग, त्याला यांद्रुवांधा लोकांनी सांभाळलं म्हणून वाचला.

सात_रस्ता
बाप रे. पोटभर खाऊन उपाशी मेले म्हणायचं.

खापरी_माठ
मी एकच पान चावलं होतं बे, टेन्शन देऊ नका.
मास्तर, चार दाणे वाटीत पाणी घालून ठेवलेत तीन दिवस झाले. काही होत नाही. आईनं काल ती वाटी घासायला टाकली होती, दाणे मोरीच्या जाळीतनं वेचून आणले.

निवृत्त_मास्तर
नुसतं पाण्यात ठेवून तीन वर्षं बसाल. निसर्गात चिखलात घासून, कुजून, कवच कुठंतरी झिजतं तेव्हा पाणी आत जातं. तुम्ही नेलकटर घ्या, दाण्याच्या कडेचा अगदी टवका उडवा, आत कापू नका. मग साधं पाणी, शक्यतो क्लोरीन नसलेलं, आणि घड्याळ लावून बसा. भाच्याला बसवा.

खापरी_माठ
मंडळी. मंडळी!!
आत्ता रात्रीचे पावणेदहा वाजलेत, टाईप करताना हात थरथरतोय. संध्याकाळी टवका उडवला. पहिला दाणा नेलकटरमधनं उडून कपाटाखाली गेला, गेला तो गेलाच. दुसऱ्याला बरोबर खाच पडली. बशीत पाणी घातलं, खाली काळा कागद ठेवला. वीस मिनिटं काही नाही, भाचा म्हणाला मामा मी कार्टून बघतो. मग दाणा शिंपल्यासारखा खालच्या कडेनं फाकला आणि आतनं काचेसारखं काहीतरी डोकवायला लागलं. ते वाढतच गेलं! आधी कमान झाली, मग सुटून सरळ झालं, भिजवलेल्या शेवईसारखं, आणि दाण्याच्या कितीतरी पट लांब. एवढं त्या ज्वारीच्या दाण्यात मावलं कसं कळंना. शेवईच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या पिशव्या ओळीनं चिकटलेल्या, मी दहा-बारा मोजल्या, आणि पिशवीत पांढरे कण, डोळ्यानं दिसतात, खसखशीसारखे. आई पण येऊन बघून गेली. म्हणाली, ही बशी आता परत स्वैपाकात नको.

निवृत्त_मास्तर
अडतीस वर्षं शिकवलं, दरवर्षी दाखवलं, आणि तरी तुमचं वाचून परत बघावंसं वाटलं.
ते पांढरे कण म्हणजे मादी बीजाणू, पिशवीच्या आत बारीक पुटकुळ्या असतात, त्यातल्या एका पुटकुळीत एकच. नर बीजाणू त्याच पिशव्यांत, पण धुरळ्यासारखे, एका पुटकुळीत बहुधा ६४. आता सगळं फार घाईत होणार. नेहमीच्या नेच्याला जे करायला आठवडे लागतात ते हे काही तासांत उरकतात, उद्या सकाळपर्यंत नर बीजाणूंतून शुक्राणू बाहेर. मळसूत्रासारखे पिळलेले, अंगावर शंभरावर केस, पोहत मादीकडे जातात. मादी बीजाणूभोवती जेलीचा थर असतो आणि वर पाण्याचं बारीकसं खळगं, शुक्राणू त्यात जमा होतात. पुस्तकात त्याला शुक्राणूंचं तळंच म्हणतात. घाई का, तर डबकं किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही.
बशी हलवू नका, पाणी आटू देऊ नका, उजेडात ठेवा पण उन्हात नको.

कोरा_कागद
जाती कुठली पण? आमच्या कॉलेजात बरणीवर मार्सिलिया क्वाड्रिफोलिया लिहिलेलं होतं, जर्नलमधे तेच काढलंय मी.

पानगळ
बऱ्याच कॉलेजांत तेच लिहिलेलं असतं, चार पानं म्हणून क्वाड्रिफोलिया. चार तर सगळ्यांनाच असतात! क्वाड्रिफोलिया आपल्याकडं थंड भागात, काश्मीरकडं. इथली बहुतेक मार्सिलिया मिनुटा. पानावरून ठरवायला जाऊ नये, पाण्यात असली तर पानं मोठी, तरंगणारी आणि वरच्याच बाजूला श्वासरंध्रं, चिखलात असली तर छोटी, ताठ आणि दोन्हीकडं रंध्रं, एकाच झाडाला दोन रूपं. दाणा बघायचा. मिनुटात दाण्यांचे देठ सुटे सुटे आणि पानाच्या देठाच्या अगदी बुडातून निघतात. क्वाड्रिफोलियात ते एकमेकांना जुळलेले आणि जरा वरून फुटतात. माठदादा, तुमच्या दाण्याला देठाजवळ दोन दात आहेत का बघा, वरचा टोकदार.

खापरी_माठ
आहेत. भिंगातून बघितलं, वरचा काट्यासारखा. देठ सुटे, बुडातून. फोटो नीट येत नाही, भाच्याला चित्र काढायला लावलंय.

कोरा_कागद
म्हणजे माझं जर्नल चुकीचं. त्यावर व्हेरी गुड मिळालं होतं.

दगडधोंडे
भूगर्भवाला आहे, मधेच तोंड घालतो. या कुळाचा आपल्या बेसाल्टशी जुना संबंध आहे. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांच्या मधे तळ्यांचा गाळ सापडतो, त्यात दगड झालेल्या वनस्पती असतात. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ मोहगाव कलान आहे, तिथल्या गारगोटीसारख्या दगडात वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानींना याच कुळातला स्पोरोकार्प मिळाला, त्यांनी १९४३ मधे त्याला रोडाइट्स नाव दिलं. दिसायला तो त्या ब्राझीलवाल्या रेग्नेलिडियमच्या जवळचा. साधारण साडेसहा कोटी वर्षं. लाव्हा थंड व्हायचा, वर तळं साचायचं, त्यात हे उगवायचं, परत लाव्हा. हिप्परग्याखालचा काळा दगडसुद्धा त्याच लाव्हाचा.

सात_रस्ता
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पण लाव्हा होता, म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा तेव्हापासनं आहे.

खापरी_माठ
नऊ दिवस झाले, अपडेट. चार-पाच दिवसांनी पांढऱ्या कणांना हिरवी शेंडी आली होती. आता बशीत सतरा रोपं आहेत, करंगळीच्या नखाएवढी. पण मास्तर, कायतरी गडबड आहे. चार पानं एकालाही नाहीत. नुसता हिरवा दोरा, टोकाला काही नाही. भाचा रडकुंडीला आलाय, लकी पान बिघडलं म्हणतो. पाण्यामुळं झालं का?

निवृत्त_मास्तर
काही बिघडलं नाही, उलट आता खरी मजा. भाच्याला विचारा, नुसता हिरवा दोरा आणि पर्णिका शून्य, असं कोण होतं मघाशी?

खापरी_माठ
त्यानं वर जाऊन वाचलं. पिल्युलारिया म्हणाला.

निवृत्त_मास्तर
शाबास त्याची. मार्सिलियाची पहिली पानं अशीच येतात, दोऱ्यासारखी. मग चमच्यासारखी रुंद होतील, मग टोकाला दोन पर्णिका येतील, म्हणजे रेग्नेलिडियम झालं, आणि नंतर चार. डीएनए सांगतो की दोनवाली आणि शून्यवाली या दोघी एकमेकींच्या जास्त जवळच्या, मार्सिलिया जरा लांबची. म्हणून असा विचार पुढे आला की त्या दोघींचं पान लहानपणातच वाढ थांबवून बसलंय, एकीचं आधी, दुसरीचं जरा नंतर. आख्खं कुळ तुमच्या एका बशीत क्रमानं उगवणार आहे, रोज एक चित्र काढायला सांगा.

पानगळ
मास्तर, हे आम्हाला वर्गात असं कुणी सांगितलं असतं तर.

भीमाकाठ
माठभाऊ, चार दाणे मला ठेवा. अझोलाच्या खड्ड्यात सोडून बघतो.

निवृत्त_मास्तर
खड्ड्यात नको, म्हशी खातील. वेगळ्या टबात लावा.

खापरी_माठ
या रविवारी घेऊन जा, सात-आठ आहेत अजून. आज सकाळी एका रोपाचं टोक चपटं दिसतंय. भाचा म्हणतो चमचा झाला, मला अजून दोराच वाटतोय. फोटो टाकतो थांबा, लाईट गेलीय.